पुठ्ठ्यावरची सात कडी

शालिग्राम धोटेनं सांगितलेल्या गोष्टीतून किती वजा करायचं, हे रायपूरच्या अख्ख्या बूढापारा वस्तीत एकाच माणसाला बरोबर ठाऊक होतं, आणि ती त्याची बायको होती. शालिग्राम पाहुण्यांना सांगायचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकदा सोळा हातांचा नाग निघाला, तो नेमका प्रिझमसमोर फणा काढून बसला आणि मागच्या भिंतीवर सात रंगांचे सात नाग डोलायला लागले. स्वयंपाकघरातून विमलाबाईंचा आवाज यायचा, "बारा हात कमी करा." पाहुणे हसायचे, नाग चार हातांवर यायचा आणि गोष्ट पुढे सरकायची. एका जानेवारीत थंडी अशी पडली म्हणे की थर्मामीटरमधला पारा खाली जाऊन बसला तो मार्चपर्यंत वर यायला तयार होईना. "मार्च नाही, दुपारपर्यंत," आतून दुरुस्ती. असा चौतीस वर्षांचा संसार. तो प्रयोगशाळेत सहायक होता, भिंगं पुसायचा, वायरी जोडायचा, पोरांचे बिघडलेले प्रयोग सुरू करून द्यायचा. घरी आल्यावर त्याचं सगळं मोजमाप विमलाबाईंकडे असे.

त्या गेल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. कमी करणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे नाग चोवीस हातांवर पोचला होता, आणि ऐकणारे मात्र घटत चालले होते.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तसं शहरही घाईत आलं होतं. शेजारची दोन घरं पाडून दुकानांचे गाळे झाले. नव्या राजधानीचे रुंद रस्ते दूर माळावर आखले जात होते, आणि तिथल्या नोकऱ्यांवर नागपूर-पुण्याकडची नवी मराठी माणसं येऊन राहिली होती. गोष्ट ऐकायला थांबायला वेळ कोणाला? उरला होता तो संध्याकाळचा तलावाकाठचा बाक. तिथे तिघं भेटायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले अनंतराव. ट्रेझरीतले यशवंतराव, ज्यांची जीभ हिशेबाच्या पेनापेक्षा टोकदार. आणि नरेंद्र, नव्या राजधानीच्या कामावरचा पस्तिशीचा इंजिनिअर, ज्याला घरी जायची घाई नसायची कारण बायको-मुलगी नागपुरात. शालिग्राम चौथा.

त्या एप्रिलात शालिग्रामनं जे पाहिलं ते असं. कामवाली भीमाबाई भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेली होती. दुपार लांब. टेबलावर तीन वस्तू पडल्या होत्या. जत्रेतून घेतलेला किल्लीच्या साखळीचा लाल लेसर, पेपर वाचायचं स्टँडवालं भिंग, आणि कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासची फुकट आलेली सीडी. चौतीस वर्षांच्या हाताला उजेड आणि आरसा एकत्र दिसला की तो गप्प बसत नाही. आरसा सरळ लागला का, हे पाहायची प्रयोगशाळेतली रीत अशी, की पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडायचं, त्यातून उजेड सोडायचा, आणि आरशावरून तो त्याच भोकात परत पाठवायचा. शालिग्रामनं लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला भोक पाडलं. मागे लेसर, त्याच्या बटणावर कपड्यांचा चिमटा. पुढे वीतभर अंतरावर भिंग, भिंगाला खेटून उभी सीडी. खिडकी लावली. उजेड गेला, परत आला, भोकात शिरला.

आणि भोकाभोवती कडी उमटली. लाल, काळं, लाल, काळं. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, पण जागच्या जागी थांबलेली. सात होती. सीडी केसभर कलवली की फुगायची, सरळ केली की आवळायची.

"अगं, इकडे ये," तो म्हणाला, आणि मग घरात कोणी नाही हे त्याला आठवलं.

संध्याकाळी बाकावर त्यानं ते सांगितलं. आणि इथेच घोळ झाला, कारण त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं. ना त्यात नाग होता, ना मार्चपर्यंत रुसलेला पारा. पुठ्ठा, भिंग, सीडी, सात कडी. संपलं.

तिघं थोडा वेळ वाट पाहत राहिले.

"मग?" यशवंतराव म्हणाले.

"मग काही नाही. सात कडी."

"अबे, पुढं काय झालं? कड्यातून कोणी निघालं नाही?"

"यशवंतराव, खरं सांगून राहिलो मी."

"हव, तेच तं. आज तब्येत बरी नाही वाटते तुमची."

नरेंद्र मात्र सज्जन. तो समजावून सांगायला लागला. "काका, सीडीवर बारीक रेघा असतात. लेसर पडला की त्याचे ठिपके होतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. ते मी पाहिलेत. कडी नाही येऊ शकत."

"ठिपके येतातच. भिंतीवर होते ना दोन. पण पुठ्ठ्यावर कडी होती."

"नाही येत, काका."

अनंतराव इतका वेळ तलावाकडे पाहत होते. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तीस वर्षं गाडी सुटल्याची वेळ त्यांनी वहीत लिहिली, आणि स्टेशनातलं घड्याळ चुकलं पण ती वही चुकली नाही असं लोक सांगत. ते म्हणाले, "शालिग्राम, तुझ्या सगळ्या गोष्टी ऐकल्या मी. एकावर विश्वास ठेवायची लय इच्छा आहे. दाखव."

 "रविवारी चार वाजता. तिघंही या," शालिग्राम म्हणाला.

रविवारपर्यंत तो लग्नघरासारखा राबला. शनिवारी भीमाबाई परत आली, तिनं फरशी दोनदा पुसली. रायपुरात ते करावंच लागतं. शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी वाऱ्यावर येते आणि खिडकी लावा, दार लावा, ती आपली घरात पाय पसरून बसते. या शहरात सकाळी पुसलेल्या फरशीवरून दुपारी अनवाणी चाललं तर तळवे कोळसेवाल्याचे होतात. म्हणून पाहुणे यायचे तर पहिलं काम फडकं. आणि शालिग्रामला तर नोकरीनंच ते लावलेलं. परीक्षक यायच्या आधी प्रत्येक भिंग, प्रत्येक आरसा मऊ फडक्यानं स्वच्छ. त्यानं विमलाबाईंच्या जुन्या मलमलच्या पातळाचा तुकडा काढला, भिंग पुसलं, सीडी अशी लखलखीत पुसली की तिच्यात दाढी करावी.

चार वाजता तिघं आले. खिडकी लागली. चिमटा लावला. भोकाभोवती एक लाल धुरकट डाग आला, आणि भिंतींवर दोन ठिपके.

"थांबा," शालिग्राम म्हणाला. सीडी हलवली. डाग हलला. भिंग मागे घेतलं, पुढे घेतलं. डाग मोठा झाला, लहान झाला. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. अनंतराव चष्मा पुसून पुन्हा वाकले, मग पुन्हा.

"कडी रविवारची सुट्टी घेऊन राहिली असतील," यशवंतराव म्हणाले.

नरेंद्रनं शालिग्रामच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं, काका. एकट्या माणसाला दुपारी काहीबाही दिसतं. मलाही फ्लॅटवर कधी वाटतं की कोणी बेल वाजवली."

हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि पोह्यांची तारीफ करून गेले.

दुसऱ्या दिवसापासून शालिग्रामनं बिघाड शोधायला घेतला, जसा पोरांच्या प्रयोगातला शोधायचा. एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. लेसरचे सेल बदलले. फरक नाही. सुईचं भोक बारीक केलं, मग मोठं केलं. फरक नाही. गल्लीतून जाणाऱ्या टेम्पोनं टेबल हादरत असेल म्हणून टेबलाचे चारी पाय रेतीच्या घमेल्यांत ठेवले. भीमाबाई म्हणाली, "बाबूजी, टेबल ला पौधा असन लगाथस का?" टेबल रोपासारखं लावता का? तो हसला नाही. पंखा बंद केला, एप्रिलात, रायपुरात. दुपारी खोली तव्यासारखी झाली तरी पंखा लावला नाही. सीडी उलटी केली. दुसरी सीडी आणली. आणि रोज सकाळी, रिवाजाप्रमाणे, सुरू करण्याआधी सगळं फडक्यानं स्वच्छ पुसलं. वहीत पहिली ओळ रोज तीच होती. "साहित्य पुसले." शेवटची ओळही तीच. "कडी नाहीत."

आठव्या दिवशी त्याला एक भलतीच शंका आली. कडी होती कुठे? चोवीस हातांचा नागही त्यानं पाहिलाच होता ना. सांगता सांगता आता त्याला त्या नागाचे डोळेसुद्धा आठवत होते. मग ही सात कडी तशीच कशावरून नाहीत? एखादी गोष्ट खरंच घडली की आपण घडवली, हे तो पूर्वी स्वतःशी ठरवतच नसे. ते आतून ठरून येत असे, भांडी घासता घासता. आता खुर्चीत बसून त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, "सात म्हणू का? की काहीच नाही?" नळ ठिबकत होता. त्यानं उठून तो घट्ट बंद केला आणि परत येऊन बसला.

मग त्यानं नाद सोडला. टेबलाकडे पाहवेना. भीमाबाईला म्हणाला, त्या टेबलाला हात लावू नको, मी आवरीन. आवरलं नाही. बाकावर जाणंही बंद केलं. पाच दिवस गेले.

सहाव्या दुपारी रेतीची घमेली बाहेर टाकायला म्हणून तो खोलीत गेला. खिडकी लावलेलीच होती. चिमटा लेसरच्या बाजूला पडला होता, तो त्यानं उचलला आणि ठेवायचा कुठे म्हणून जागच्या जागी बटणावर लावला.

सात कडी.

त्यानं श्वास धरला. जणू श्वासानं ती उडून जातील. दाराशी भीमाबाई उभी होती.

"दिखत हे का?" त्यानं तिला तिच्याच बोलीत विचारलं. 

"हव, लाल-लाल चूरी असन." बांगड्यांसारखं, ती म्हणाली. मग तिची नजर सीडीवर गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "पांच दिन हाथ नइ लगाएंव त देख, कतका करिया धुर्रा जमगे!" पाच दिवसांत केवढी काळी धूळ साचली, असं म्हणत, तो काही बोलायच्या आत, तिनं पदरानं सीडीच्या मधल्या पट्ट्यावरून एक हात फिरवला.

कडी गेली. लाल धुरकट डाग.

शालिग्राम ओरडणार होता. ओरडला नाही. चौतीस वर्षांची नोकरी त्याच्या डोक्यात खडबडून उठली. त्यानं हळूच सीडी बोटभर सरकवली, न पुसलेल्या काळ्या भागावर उजेड पडेल अशी. कडी आली. पुसलेल्या पट्ट्यावर आणली. गेली. काळ्या भागावर. आली. खिडकीच्या चौकटीवरची भुकटी बोटावर घेऊन त्यानं पुसलेल्या पट्ट्यावर फुंकली. तिथेही आली.

तो खाली बसला आणि इतका हसला की भीमाबाईनं पाणी आणलं.

गोष्ट सोपी होती. उजेड आत जाताना थोडा धुळीच्या कणावर आपटून विखुरतो आणि मग सीडीच्या आतल्या चकाकीवरून परत फिरतो. दुसरा थोडा आधी परत फिरतो आणि बाहेर पडताना त्याच कणावर आपटतो. दोघं एकाच दारानं निघालेले, वाट तेवढी जराशी वेगळी. पुठ्ठ्यावर भेटले की कुठे जुळतात, तिथे लाल. कुठे एकमेकांना खाऊन टाकतात, तिथे काळं. धूळ नसेल तर विखुरणार कोण आणि भेटणार कोण? त्यानं रोज सकाळी मोठ्या निष्ठेनं प्रयोगच पुसून टाकला होता.

नरेंद्र-यशवंतरावांकडे जायचा धीर नव्हता. तो अनंतरावांकडे गेला, चपला उलट्यासुलट्या घालून, आणि त्यांना दुपारच्या झोपेतून उठवून घेऊन आला. अनंतराव पुठ्ठ्यावर वाकले. वाकलेलेच राहिले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"चार वाजून बारा मिनिटं," ते म्हणाले. "सात कडी. आठवं फिकं आहे, ते मी धरत नाही."

"नको धरू," शालिग्राम म्हणाला.

"पुन्हा पुस बरं." पुसलं, गेली. "लाव." धूळ लावली, आली. अनंतरावांनी तीन वेळा करून घेतलं. शेवटी ते खुर्चीत बसले. "शाल्या, लेका, खरं होतं बे हे. आणि मले वाटलं का विमलावहिनी गेल्यापासून तुझं डोकं..." पुढचं त्यांनी गिळलं. "आज बाकावर मी सांगतो. तू एक शब्द बोलायचा नाही."

त्या दुपारी शालिग्रामनं चहात साखर दोनदा घातली आणि दोघांनीही तो तसाच प्यायला.

बाकावर अनंतरावांनी गार्डाच्या वहीसारखं सांगितलं. वेळ, अंतर, किती कडी, किती वेळा पुसलं. यशवंतरावांनी शांतपणे ऐकलं, मग नरेंद्रकडे पाहिलं आणि दोघं फुटले.

"म्हणजे स्वच्छ केलं की बंद पडतं आणि घाण केली की चालतं?" नरेंद्र डोळे पुसत म्हणाला. "अनंतकाका, आमच्या ऑफिसचं सांगून राहिले का?"

"तुम्ही चला. आत्ता चला, दाखवतो," शालिग्राम म्हणाला.

"आता कायले?" यशवंतराव म्हणाले. "मागल्या वेळी आलो तं काही दिसलं नाही. आता तुमाले दोन आठवडे भेटले तयारीले. आता तं हत्तीही दिसन पुठ्ठ्यावर."

"मी स्वतः पाह्यलं," अनंतरावांचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यांनी."

यशवंतराव हसण्याच्या भरात होते, आणि भरात असले की त्यांना थांबता येत नसे. तीस वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरवर लाल सिग्नल ओलांडल्याचा आळ आला होता. सिग्नल हिरवा होता, असं चौकशीत सांगणारा माणूस एकच, त्या गाडीचे गार्ड अनंतराव. त्यांच्या शब्दावर ड्रायव्हरची नोकरी वाचली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"अनंतराव," यशवंतराव म्हणाले, "तो सिग्नलही असाच दिसला होता का तुमाले? थोडी धूळ लावून?"

नरेंद्रचं हसू थांबलं.  अनंतरावांचा काठीवरचा हात थरथरायला लागला. तो थांबवायला त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला, तर तोही थरथरायला लागला.

शालिग्रामनं ते पाहिलं. आता बोलायला जेमतेम एका श्वासाचा वेळ होता. तेवढ्यात त्याला सुचलं ते इतकं सहज, की त्याची त्यालाच भीती वाटली.

"अरे बस करा ना!" तो मांडीवर थाप मारून हसला. "त्याले काहून बोलता? मी फसवलं त्याले. पातळ कागदावर परकारानं कडी काढली, मागून लाल दिवा. धूळ-बिळ सगळं नाटक. टेबलाखाली पायानं स्विच दाबला का कडी, सोडला का गायब. सहा दिवस तालीम केली. आपला अनंता भोळा माणूस, जे दिसलं ते सांगितलं त्यानं. जे दिसलं तेच!"

 यशवंतराव असे हसले की बाक हलला. "वा रे पठ्ठ्या! पायानं स्विच!" नरेंद्रनं टाळी दिली. "काका, मान गये." यशवंतरावांनी अनंतरावांचा हात धरून माफी मागितली. तुमच्या जागी देव असता तरी फसला असता, म्हणाले.

अनंतराव शालिग्रामकडे पाहत होते. त्या पाहण्यात राग असता तर सोसला असता. ते नुसतं तपासत होते, पुठ्ठ्यावर वाकून तपासलं होतं तसं. मग ते उठले, "नरेंद्र, मले सोडून दे," म्हणाले आणि त्याच्या स्कूटरवर मागे बसून गेले. शालिग्रामला ये म्हणाले नाहीत, जातो म्हणाले नाहीत.

तो तलावाला अर्धा वळसा घालून घरी आला.

तीन दिवस गेले. चौथ्या दुपारी, खिडकी लावून तो टेबलापाशी बसला असताना फोन वाजला.

"कागद कोणता होता?" अनंतरावांनी विचारलं. आवाज अजून दुखावलेला.

शालिग्रामला वाटलं, खरं सांगावं का? पण मग बाकावरचं ते सगळं परत यायचं, तो सिग्नल, ते दोन हात.

"पतंगाचा," तो म्हणाला. "गोलबाजारातून आणला. पहिला फाटला, दुसऱ्यावर शाई फुटली."

"मग मी पुसायले सांगितलं तेव्हा बरोबर गायब कशी झाली?"

"तू 'पुस' म्हटलं का मी पाय उचलायचो. तिसऱ्यांदा तं पायाले गोळा आला. तोंड कसं ठेवलं, माझं मलेच माहीत."

पलीकडे नाकातून एक सूं, आणि मग अनंतराव हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अन् ती भीमाबाई? तिनंही कडी पाह्यली म्हणत होता ना तू?"

"तिले वीस रुपये दिले."

"हरामखोर आहे लेका तू." आवाजात जुना ओलावा आला होता. "उद्या येशील ना बाकावर? यशवंतराव विचारून राहिले. ती पायाच्या स्विचची गोष्ट पुन्हा ऐकायची म्हणतात."

"येतो ना."

समोर पुठ्ठ्यावर कडी होती. शालिग्रामनं फोन कानाला धरूनच दुसऱ्या हातानं सीडी जराशी कलवली. ती फुगली, मग पुन्हा आवळून स्थिर झाली.

"पण शाल्या," अनंतराव म्हणाले, "इतकं खरं वाटलं बे मले."

"वाटणारच," शालिग्राम म्हणाला. "मेहनत केली होती."